बाराचा भोंगा

हॅगर्स बेंड,
सोमवार, ७ डिसेंबर

प्रिय लिओना,

पेन्सिलीनं लिहितोय म्हणून रागावू नकोस. माझं शाईचं पेन बंबखान्यात राहिलंय आणि बंबखान्यात मी हल्ली जात नाही. शिवाय आज मी बरंच खोडणार, हे मला बसतानाच ठाऊक होतं. काल रविवारी फोनवर तू मला दोन गोष्टी विचारल्यास. एक, डलूथला आमच्याकडं कायमचे राहायला येताय का. दुसरी, आई तळघरात का गेली नाही. दुसरी तू दर रविवारी विचारतेस आणि दर रविवारी मी खोकतो किंवा हवापाण्याचं काहीतरी बोलतो. खरं सांगायचं तर दुसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पहिल्याचं देता येत नाही. म्हणून सकाळी न्याहारीची भांडीसुद्धा न विसळता टेबलाशी बसलोय.

फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, ‘पॉप, जपून राहा.’ तुझ्या लक्षातही आलं नसेल. पहिली तीन वर्षं तू मला मिस्टर वेसल म्हणायचीस, तेही असं की समोरचा निघून जायला म्हणून आपली टोपी शोधायला लागावा. मग डेल्मर म्हणायला लागलीस. आणि काल हे. पलीकडून फोन बंद झाला तरी मी तो कानाला लावून भिंतीशी उभा होतो. मला मूलबाळ नाही. चौऱ्याहत्तर वर्षांत या नावानं मला कोणी हाक मारली नव्हती. त्यामुळं पुढचं लिहिणं आणखी अवघड होऊन बसलंय, पण ती काही तुझी चूक नाही.

आधी गावची खबर देतो. तेवढाच धीर येईल.

मक्याची कापणी कालपरवा संपली. वादळ आलं तेव्हा खालच्या मळ्यांतला निम्मा मका उभाच होता, हे तू आईच्या अंत्यविधीला आलीस तेव्हा पाहिलंस. त्यात पत्रे, खिळे, दारांच्या कड्या, कुणाकुणाचे चमचे. यंत्र घालायची सोय नव्हती, दाते मोडले असते. मग आपल्याकडची जुनी रीत आहे तसं सगळं गाव एका रांगेत उभं राहिलं, हातभर अंतरानं, प्रत्येकाकडं एक पोतं, आणि मळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं. दहा दिवस चाललो आम्ही. केलर्स फेरीची माणसं आमच्याकडं आली, मग आम्ही त्यांच्याकडं गेलो. त्यांचं तर घाटावरचं एक घर उभं नाही. सेंट ऑडलला संध्याकाळी शेवटचं वादळ उतरलं, त्यांचं देऊळ गेलं पण घंटा शाबूत सापडली, दीड मैलावर, गाईगुरांच्या पाण्याच्या टाकीत. त्या एका दिवसात खोऱ्यात सात टोर्नॅडो उतरले असं काउंटीचे लोक सांगतात. आमचा पहिला. आधी नदीपलीकडचं ट्वीडी, मग नदी ओलांडून आम्ही. नदीच्या वळणावर वादळ अडतं, गावात येत नाही, असं आमच्या आजोबापणजोबांपासून सगळे छाती ठोकून सांगत आले. तुझ्या आईला ते कधीच पटलं नव्हतं. ती म्हणायची, वादळाला पोहता येत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?

थँक्सगिव्हिंगला शाळेच्या जेवणघरात सगळ्यांची पंगत होती. टर्की होती, भोपळ्याची गोड पोळी होती, बायकांनी कुठून काय आणलं देव जाणे. मला तीन ठिकाणांहून बोलावणं आलं, इथं बसा, इथं बसा. मी दाराजवळ बसलो आणि लवकर उठलो. माझ्या घराची एक फळी हललेली नाही, लिओना. पोर्चवरची कुंडी होती तिथंच आहे. घरं गेलेली माणसं मला वाढत होती आणि मी खात होतो.

लोक फार चांगले वागतात माझ्याशी, हीच पंचाईत आहे. व्हर्जिल क्नॉपचं न्हाव्याचं दुकान जमीनदोस्त झालं, डावा हात अजून गळ्यात बांधलाय, तरी परवा एका हातानं माझे केस कापून गेला. माझ्याच स्वयंपाकघरात. एक कान जरा जास्त उघडा पडलाय. त्याची टवाळखोरी अजून गेलेली नाही, म्हणाला, हात दोन असते तर टक्कल करून सोडलं असतं. जाताना दारात खुंटीवरच्या माझ्या टोपीला हात लावला आणि गेला. त्याचं मी पुढं सांगतो.

आणि टपाल येतं. वाबॅश नदीच्या पार पलीकडून, साठ-सत्तर मैलांवरून. आमच्या गावचे कागद तिकडं शेतांत आणि छपरांवर पडले, आणि ज्यांना सापडले त्यांनी पुसून, वाळवून, नावं शोधून परत पाठवले. कुणाला लग्नाचा फोटो आला, कुणाला शाळेचा दाखला. मला एका बाईनं तुझ्या आईचा मक्याच्या पावाच्या कृतीचा कागद पाठवला. तोच, चुलीच्या वरच्या खिळ्याला अडकवलेला, लोण्याचे डाग पडलेला. नाव नव्हतं, पण मागं आपल्या पोस्टाचा शिक्का होता आणि वर लिहिलं होतं ‘लोणी दोन चमचे, डेल्मर असेल तर तीन’. बाईनं पोस्टमास्तरला लिहिलं, हा डेल्मर कोण असेल त्याला द्या. पोस्टमास्तरनं सगळ्यांसमोर तो वाचून दाखवला आणि रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. दोन आठवडे तो माझ्या खिशात होता. सोबत पाठवतोय. तो तुझा आहे.

तुला माहीत आहे आमचं कसं होतं, तरी लिहितो, कारण पुढचं त्याच्यावर अवलंबून आहे. धान्याच्या कोठीतून मी निवृत्त झालो त्या वर्षी बंबखान्यातली भोंगा आपोआप वाजवणारी वेळेची पेटी जळाली. नगरसभेनं ‘बघू’ म्हटलं. त्यांचं बघणं तुला ठाऊकच आहे. तोवर रोज दुपारी बाराला भोंगा कुणीतरी हातानं द्यायला हवा होता, मी म्हटलं मी देतो, मला काय काम आहे. ते ‘तोवर’ अकरा वर्षं चाललं. बाराचा भोंगा झाला की गाव जेवायला बसतं. शेतातली माणसं हात धुतात, दुकानं पाऊण तास बंद होतात. त्याच पहिल्या हिवाळ्यात तुझी आई एकदा बंबखान्याच्या पायरीशी आली, हातात झाकलेलं भांडं, आणि म्हणाली की सगळ्या गावाला जेवायला बसवतोस आणि स्वतः डब्यातलं थंडगार गिळतोस, लाज नाही वाटत? दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याकडं जेवायला जायला लागलो. भोंगा दिला, टोपी घातली, चार मिनिटं चालत तिच्या स्वयंपाकघरात. भोंगा ऐकला की ती ताटल्या मांडायची आणि पाव भट्टीतून काढायची, मी दार ढकलेपर्यंत तो कापून झालेला असायचा. आधी कधी मांडायची नाही. तिचं म्हणणं, आधीच मांडून ठेवलेलं टेबल पाहिलं की घरात कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटतं.

गावानं थट्टा करायची तेवढी केली. मी एकदा तिला लग्नाचं विचारलं, हे तुला तिनं सांगितलं होतं का? पाच वर्षं होऊन गेली. मी कोट घालून गेलो होतो. ती कांदा चिरत होती, वर न बघता म्हणाली, “लग्न कशाला रे? जेवायला येतोसच की रोज.” मग बराच वेळ हसत होती, कांद्यानं डोळ्यांत पाणी. मीही हसलो. मला त्यात नकार ऐकू आला नाही, अजूनही येत नाही.

आणि तिची भीती. तिच्या सातव्या वर्षी वादळात तिचा धाकटा भाऊ गेला, ते ती बोलायची नाही, पण ढग जरा हिरवट दिसला की मागच्या अंगणातल्या तळघराचं झाकण उघडून बसायची. खाली खुर्ची, कंदील, घोंगडी आणि पीचच्या फोडींच्या बरण्या. माझ्या अकरा वर्षांत आम्ही वीस-पंचवीस वेळा तरी खाली गेलो असू. एकदाही काही झालं नाही. मी कुरकुर केली की म्हणायची, “मरायचं तर तुझ्या घरी मर, माझा स्वयंपाक वाया घालवू नकोस.” मग बरणी उघडून आम्ही एकाच चमच्यानं पीच खायचो. तेव्हा तू जे विचारतेस ते बरोबरच आहे. गावातली एक बाई तळघरात जायची चुकणार नाही अशी पैज लावायची तर ती तुझी आई. झाकणापर्यंत वीस पावलं. एवढीशी वीस पावलं ती का चालली नाही?

रेडिओ लावलेला असता तर तिला कळलं असतं, असंही तू म्हणालीस. त्या दिवशी सकाळी रेडिओवाले वादळं संध्याकाळी येतील म्हणत होते. आणि तिनं रेडिओ बंद ठेवायला मीच सांगितलं होतं, लिओना. त्या दिवशी नव्हे, फार पूर्वी. खरखरीनं तिचं डोकं दुखायचं. मी म्हणालो होतो, “कशाला त्रास करून घेतेस? भोंग्यावर मी आहे ना.” तेव्हापासून ती ढगांकडं कमी बघायला लागली. निवांत झोपायला लागली, असं मला स्वतःच्या तोंडानं म्हणाली. मला त्याचा केवढा अभिमान होता.

येत्या एकोणीस तारखेला, शनिवारी, शाळेच्या मोठ्या खोलीत सभा आहे, त्यासाठी तू येणार आहेस. काउंटी मला पितळी पाटी देणार आहे. वादळ येईपर्यंत जागा न सोडता भोंगा देत राहिला, असं काहीतरी त्यावर कोरलंय म्हणे. सभा झाली की तू माझी बॅग भरून मला बसनं डलूथला नेणार. तुझ्या कार्लनं स्वयंपाकघरामागच्या खोलीत पलंग ठोकलाय हेही तू सांगितलंस, तळ्याकडच्या खिडकीखाली. गेले दोन दिवस मी त्या खिडकीचाच विचार करतोय. आता ऐक.

चौदा नोव्हेंबरला हवा विचित्र होती. नोव्हेंबरात घाम फुटत होता, दक्षिणेचा वारा, लोक कोट काढून फिरत होते. मी बंबखान्यात साडेअकराला जाऊन बसलो, नेहमीसारखा. भोंग्याचं बटण कसं असतं ते तू पाहिलेलं नाहीस. भिंतीवर आहे, अंगठ्यानं दाबून धरावं लागतं, अंगठा उचलला की भोंगा थांबतो. त्याच्या वर मीच रंगवलेली पाटी आहे. दुपारचा, पंधरापर्यंत मोजायचं. आगीचा, तीनदा वरखाली. वादळाचा, तीन मिनिटं न थांबता. अकरा वर्षांत बाराचा भोंगा मी किती वेळा दिला असेन, चार हजारांच्या घरात. वादळाचा फक्त दोनदा, तोही मार्चमधल्या सरावाला.

बारा वाजायला सोळा मिनिटं असताना काउंटीच्या वायरलेसवर आवाज आला. ट्वीडीला लागलंय, नदी ओलांडतंय, तुमच्याकडं येतंय, भोंगा द्या. मी उठलो. डोकं थंड होतं. वर पाटीकडं पाहिलंसुद्धा असेल. बटण दाबलं आणि मोजायला लागलो. बारा, तेरा, चौदा, पंधरा. आणि अंगठा उचलला.

मी उचलला असं मला म्हणताही येत नाही आणि नाही म्हणताही येत नाही. ते अंगवळणी पडलेलं होतं. इतकं, की त्यापुढचंही सगळं मी केलं. खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर घातली आणि दार उघडून पायरीवर आलो, तुझ्या आईकडं जेवायला निघालो. एवढं डोक्यात माहीत असून की वादळ येतंय. माणूस असा कसा असू शकतो, याचा मी तीन आठवडे विचार केला. 

समोर दुकानाच्या दारात व्हर्जिल उभा होता, हातात वस्तरा. भोंगा वेळेच्या आधी झाला म्हणून तो मनगटावरचं घड्याळ दाखवून ओरडला, “काय रे डेल्मर, ओपलचा घेवडा आज लवकर शिजला वाटतं!” शनिवारी तुझ्या आईकडं हॅम घातलेला घेवडा असतो हे सगळ्या गावाला पाठ. आणि लिओना, मी हसलो. हात वर करून हसलो. मग तो हसत आत गेला, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत होतं, आणि मी काय केलंय ते तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. आत पळालो. बटण दाबलं. भोंगा गुरगुरला, घोटभर, आणि मेला. पलीकडं ट्वीडीजवळ विजेचे खांब पडले होते. मी दाबतच राहिलो. किती वेळ ते माहीत नाही, तोही वेळ मी घालवला. मग व्हर्जिलला ओरडून सांगितलं आणि तुझ्या आईकडं धावत सुटलो.

चार मिनिटांचा रस्ता, गुडघा तुला ठाऊक आहे तसा. रस्त्यात माणसं शांतपणे घरात शिरत होती, हात धूत होती, मला हात करत होती. मी ओरडत होतो, काही धावली, काही नुसती बघत राहिली. देवळाच्या वळणापर्यंत पोचलो. तिथून तिचं स्वयंपाकघर दिसतं. दिवा नव्हता, पण खिडकी उघडी होती. मग काही दिसेना. मी मोरीत पडलो होतो, पुलाखालच्या, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. अकरा वाजून एक्कावन्न मिनिटं, असं वर्तमानपत्रात आलंय.

तू स्वतः पाहिलंस. छप्पर नाही, धुराडं आडवं, आणि टेबल तसंच उभं, त्यावर दोन ताटल्या, दोन काटे, कापलेला पाव, घेवड्याच्या भांड्यावर झाकण. वादळ असं करतं. काउंटीच्या माणसानं त्याचा फोटो काढला आणि तो छापूनही आला. मागच्याच्या मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, “आई बाराच्या आधी कधी मांडायची नाही. त्या दिवशी नऊ मिनिटं आधी मांडून बसली होती. तिला तुमची वाट बघवत नव्हती बहुतेक.” आणि तू रडलीस, आणि तुला त्यानं बरं वाटत होतं, ते मला ऐकू येत होतं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, असेल बाई, असेल.

तिला बाराचा भोंगा ऐकू आला, लिओना. पंधरा अंकांचा, रोजच्यासारखा. तिनं घड्याळाकडं पाहिलं नाही, कारण भोंग्यावर मी होतो. तिनं माझं ताट मांडलं.

काउंटीचा माणूस तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला होता. भला माणूस, दमलेला, चार गावं फिरून आलेला. सगळे सांगतात भोंगा झाला पण तोकडा झाला, म्हणजे मध्येच वीज गेली ना? असं त्यानंच विचारलं. मी मान हलवली. एकदाच. त्यानं लिहून घेतलं आणि माझा खांदा थोपटला. त्या एका मान हलवण्यातून ही पितळी पाटी निघाली. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर घास गिळवत नाही.

व्हर्जिलला माहीत आहे. टोपी घालून, हसत पायरीवर आलेला मी त्यानं पाहिलाय. वीज गेली असती तर मी हसलो असतो का? मक्याच्या मळ्यात तो माझ्या शेजारी रांगेत चालत होता, चांगल्या हातात पोतं धरून. पत्र्याचा एक तुकडा उचलायला वाकला आणि वाकलेलाच म्हणाला, “वीजच गेली असणार, डेल्मर.” मी हो म्हणालो. पन्नास वर्षांची मैत्री आहे, त्यानं मला दार उघडून धरलं आणि मी त्यातून सरळ बाहेर पडलो. त्यानंतर आम्ही एकमेकांशी थट्टाच करतो, दुसरं काही बोलत नाही. आपल्या गावच्या घाटावरचे म्युलर नवराबायको गेले, तेही असेच टेबलाशी बसलेले. ते दोघंही माझ्याच खात्यावर आहेत. त्यांना मूल नव्हतं, पत्र लिहायला कुणी नाही.

आता गावात भोंगा नाही. नवा येईल, आपोआप वाजणारा, म्हणतात. तोवर लोक कधी एकला जेवतात, कधी साडेअकराला. मी पावणेबाराला टोपी घालतो आणि पोर्चवर बसतो. कुठं जायचं नसतं. मग बारा होऊन जातात आणि मी आत येऊन काहीतरी खातो, उभ्याउभ्याच.

हे सगळं आज का लिहिलं, ते सांगतो आणि थांबतो. एकोणीस तारखेला माझं नाव पुकारलं की मी उठून हेच सगळं गावासमोर सांगणार आहे, पंधरा अंक, टोपी, मान हलवली तीसुद्धा. पण ते तू मागच्या बाकावर बसून, सगळ्यांसोबत ऐकावंस हे मला चाललं नसतं. तू आधी ऐकायला हवंस, तुझ्या घरात, दार लावून. माझं बसचं तिकीट काढलं असशील तर परत कर. कार्लला म्हणावं, पलंग चांगला ठोकलायस, पाहुण्यांना होईल. रविवारी साडेबाराला मी नेहमीसारखा फोनपाशी बसेन, पण तो वाजला नाही तर मी तुझ्याबद्दल वाईट विचार करणार नाही. तुझ्या जागी मी असतो तर फोन केला नसता. खाली सही करताना माझा हात आपणहून तू काल म्हणालीस तो शब्द लिहायला गेला. त्याचं पहिलं अक्षर लिहूनही झालं होतं, ते खोडलंय, तुला दिसेल. या हाताला सवय लागायला एक दिवस पुरला. पण त्याच्या सवयीनं मी आता काही करत नाही, तू सांगितल्याशिवाय तर नाहीच.

तुझाच,
डेल्मर वेसल